रोबोटनं हात जोडले आणि आबा त्याच्यामागं गेले

मंडळी, दुपारपासून लिहू की नको करत बसलोय. लिहितोच.

सकाळी फोन आला, आत्याचं काही खरं नाही, लवकर या. वडिलांना, म्हणजे आबांना, घेऊन वलवणहून तळेगावच्या दवाखान्यात पोचलो. दारातच रोबोट उभा, डोक्याला फेटा बांधलेला. वाट दाखवतो म्हणे. मी तर त्याची चाकंच बघत राहिलो, असलं काही दिसलं की माझं लक्ष गेलंच.

आयसीयू सांगितलं, तर त्यानं एक्स-रेच्या खोलीपुढं नेलं. मग मान खाली घातली, हात जोडले, "क्षमा करा" म्हणाला.

मी म्हटलं, "आबा, कुणा माणसाला विचारू."

"थांब की. चुकलं तर हात जोडतंय बिचारं. आता न्हाई चुकायचं."

आबा पुन्हा त्याच्यामागं निघाले. या खेपेला कॅन्टीन आलं. पुन्हा मान खाली, पुन्हा हात.

शेवटी झाडू मारणाऱ्या एका मावशींनी आम्हाला वर पोचवलं. नर्स म्हणाली, "आत्ताच गेल्या. भाऊ आला का, विचारत होत्या."

आबा भिंतीला धरून खाली बसले.

निघताना दारात रोबोटनं हात जोडले. मला त्याला लाथ घालावीशी वाटली. आबांनी मात्र सवयीनं त्यालाही हात जोडले.

घरी आल्यापासून ते एकच विचारतायत, "मी का गेलो रं त्याच्यामागं?"

तुम्ही असता तर गेला नसता का? आणि आबांना मी काय सांगू?