नवारीचा पट्टा

देवकाचं शेवटचं बोलणं मोटारीच्या शर्यतीबद्दल होतं. भेटायला आलेल्यांना मी हे सांगितलं नाही. लोकांना वाटतं, बाई जाताना लेकराबाळांची नावं घेते. आमची नात पल्लवी सुट्टीवर आली होती. देवकाच्या खाटेजवळ बसून ती टीव्हीवर परदेशातली शर्यत पाहत होती आणि फोनवर मैत्रिणीशी तावातावानं भांडत होती. ड्रायव्हरच्या डोक्यावर आता लोखंडी कमान बसवली, सगळं कॉम्प्युटर ठरवतो, मग माणसाचं काम काय उरलं, असं पल्लवीचं म्हणणं. मैत्रीण पलीकडून म्हणत असावी, की जीव वाचतो ते वाईट का. देवका डोळे मिटून पडली होती. झोपली असं आम्ही समजलो होतो. एकदम म्हणाली, "त्याले बांधलं काय?"

"कोणाले, आजी?"

"गाडीवाल्याले."

"हो. चांगलं आवळून बांधतात."

"मंग जाऊ द्या त्याले," असं म्हणून तिनं कूस बदलली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

आता पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊनही बरेच दिवस झाले. पल्लवी पुण्याहून फोन करून विचारते, आबा, आजीला शर्यतीतलं काय माहीत होतं? मी चौथी शिकलेला ट्रक ड्रायव्हर. फोनवर मला लांबण लावता येत नाही, म्हणून लिहून काढतो. आणि एक गोष्ट मलाही आत्ताच कळली आहे... ती शेवटी सांगेन.

आमचं लग्न झालं तेव्हा मी शेंदूरजनाघाटच्या एका व्यापाऱ्याकडे ट्रकवर होतो आणि देवका त्याच व्यापाऱ्याच्या वखारीत संत्र्याच्या पेट्या भरायची. खाली गवत, वर संत्री, पुन्हा गवत, फळी ठोकायची आणि दोरी आवळून गाठ मारायची. आमच्या संसारात एक नवारीची, रुंद सुती पट्टीनं विणलेली खाट होती, ती तिच्या आईनं दिलेली. हंगामात मी दिवेलागणीला पेट्या घेऊन निघायचो आणि उजाडता उजाडता अकोल्याच्या बाजारात उभा राहायचो. माल उतरला की जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे, रहीमभाई मिस्त्रीचं गॅरेज होतं, तिथं ट्रक लावायचा आणि चहा प्यायचा. रहीमभाईला मोटारीच्या शर्यतीचं भारी वेड. त्यानं जन्मात एक शर्यत पाहिली नव्हती. गिरणीतल्या साहेबाच्या बंगल्यावरून रद्दीत विलायती मासिकं यायची, ती तो वजनानं विकत घ्यायचा आणि पानं ऑइलच्या हातांनी उलटायचा. इंग्रजी आम्हा कोणालाच येत नव्हतं. फोटो पाहायचे आणि वाद घालायचे.

वाद घालणारा दुसरा म्हणजे गणपत. हा तिवश्याचा, आमच्या वखारीशेजारच्या दुसऱ्या व्यापाऱ्याच्या ट्रकवर होता. त्याच्या बापाची शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत पळणारी जोडी होती, त्यामुळे शर्यत आपल्याशिवाय कोणाला कळत नाही असं तो मानायचा. एकदा मासिकात एक गाडी निघाली, तिला पुढचं लांब नाकच नव्हतं. ड्रायव्हर पार पुढं जाऊन बसलेला आणि इंजिन त्याच्या पाठीमागं.

"गाडी रिवर्समंदी असन," गणपत म्हणाला.

"रिवर्समंदी कोन रेस लगाते रे? ये देख, धूळ किधर उडून राहिली."

"म्हंजे बैल मागं अन् धुरकरी पुढं? बैलायनं त्याले ढकलत न्याचं? रहीमभाई, खलास झाली तुमची शर्यत. आता काई मजा नाई राहिली तिच्यात."

या एका फोटोवर आमचा आख्खा हंगाम गेला. इंजिन मागं गेल्यावर गाडी वळताना हलकी पडते, असं रहीमभाई म्हणायचा. गणपत म्हणायचा, इंजिनाकडे तोंड केल्याशिवाय माणसाला इंजिन कळतच नाही, जनावराच्या कानाकडे पाहून हाकावं लागतं. मी घरी येऊन जेवताना हे सगळं देवकाला सांगायचो. वखारीतून घरी आणि घरून वखारीत एवढंच जग असलेल्या बाईला सांगण्यासारखं माझ्याजवळ दुसरं काय होतं? ती ऐकून घ्यायची आणि एकच प्रश्न विचारायची. त्या दिवशी विचारलं, "इंजिन मागं गेलं, त धडक बसल्यावर पयले कोन सापडते?"

मी तो प्रश्न अकोल्याला नेला. रहीमभाईनं हातातला पाना खाली ठेवला. तेव्हापासून रिवाजच पडला. मी गॅरेजात पाय ठेवला की रहीमभाई विचारायचा, "भाभीका सवाल क्या है?" त्या गॅरेजात देवका कधी गेली नाही, पण वाद तिच्या प्रश्नावरूनच सुरू व्हायचा. एवढा वेळ गाडी पळते तर हे लोक लघवीला कुठं थांबतात, या तिच्या प्रश्नावर आम्ही किती दिवस भांडलो ते आठवून आजही हसू येतं. गणपतचं म्हणणं, घामातच निघून जाते. इतकं पळून त्यांना भूक लागत नाही का? हरणारा घरी जाऊन काय सांगतो? एकदा तिनं विचारलं, "याहिच्या बायका कुठी बसतात?"

यावर रहीमभाईनं जुनी मासिकं खालीवर केली आणि एक पान फाडून माझ्या हातात दिलं. शर्यतीच्या रस्त्याच्या कडेला बुटकी भिंत, भिंतीवर एक गोरी बाई पाय सोडून बसलेली, हातात घड्याळ. देवकानं ते पान उजेडात धरलं.

"हे काय करून राहिली?"

"घड्याळ पाहून राहिली."

"काहून?"

"नवरा कितीक येळात चक्कर मारून येते, ते पाहाले."

तिनं पुन्हा पाहिलं. म्हणाली, "हाट. कितीक येळात येते, ते नाई पाहून राहिली. येते का नाई, ते पाहून राहिली थे." आणि पान घडी करून उशीखाली ठेवलं.

आमचीही शर्यतच होती, हे आता सांगितलं पाहिजे. अकोल्याच्या बाजारात जो ट्रक पहिला पोचेल त्याचा लिलाव आधी, मालाला चढा भाव, आणि मालक त्या ड्रायव्हरची पाठ चारचौघांत थोपटणार. मोर्शी, अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर... या रस्त्यावर गणपत आणि मी एकमेकांना साइड द्यायचो नाही. माझं नाव पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणून घेतलं जायचं आणि मला ते लई गोड लागायचं. मग एका हंगामात मोर्शीच्या अलीकडे एका वळणावर आमच्यातलाच एक ड्रायव्हर उघड्या बाजूनं बाहेर फेकला गेला आणि आपल्याच चाकाखाली आला. त्या काळी आमच्या ट्रकला दारं नावालाच असत. ट्रकला साधा ओरखडा नव्हता. संध्याकाळी तोच ट्रक दुसऱ्यानं बाजारात नेला. त्याच्या पेट्या देवकानंच भरल्या होत्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गॅरेजात नवा फोटो आला, साठचं दशक सरत आलं असेल. शर्यतीतल्या ड्रायव्हरला पट्ट्यांनी सीटला बांधलं होतं. गणपत उसळला. "बांधाले थो काय ढोर हाय? माणूस हाय का गठोडं? शंकरपटात धुरकऱ्याले दोरीनं बांधलं, त लोकं थुकतीन त्याच्यावर." रहीमभाईची शंका वेगळी होती. "गाडीले आग लागली त? बंधा हुआ आदमी कैसे निकलेगा?" या वादात मी गणपतच्या बाजूचा. पट्टा बांधून पळवण्यात कसली मर्दानगी? घरी येऊन रंगवून रंगवून सांगितलं आणि नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहिली. त्या दिवशी देवकानं प्रश्नच विचारला नाही.

सकाळी उठलो तर माझे पाय खाटेतून खाली लोंबत होते. पायथ्याची नवार तिनं उसवून कापून घेतली होती आणि अंगणात बसून दाभणानं दुहेरी शिवत होती. संध्याकाळी वखारीसमोर, सगळ्यांदेखत, ती ट्रकवर चढली. सीटमागच्या फळीतून पट्टा काढला, माझ्या छातीवरून घेतला आणि फळीच्या मागं, माझा हात पोचणार नाही अशा जागी गाठ मारली. सुटं टोक माझ्या हातात दिलं. "हे ओढलं का सुटते. आग लागली त." म्हणजे रहीमभाईच्या शंकेचा तिनं विचार केला होता.

गणपत आपल्या ट्रकमधून ओरडला, "नामदेवा, शिंगं रंगवाची राहिली लेका! वहिनी, झूल टाका त्याच्यावर!"

सगळी वखार हसली. देवका खाली उतरली, थोडं थांबली, पुन्हा चढली. "ढिली वाटते," म्हणून गाठ सोडली, पुन्हा मारली. मग ट्रकच्या फळीवर थाप मारली, "आता जाऊ द्या." तोवर गणपतचा ट्रक गेला, त्याच्या मागचेही गेले. मूर्तिजापूरपर्यंत मला कोणाची धूळसुद्धा दिसली नाही. बाजारात मी सगळ्यांत शेवटी पोचलो.

घरी येऊन मी पट्टा तिच्यापुढं टाकला. "हे आता बंद. मालकानं मले ट्रकवरून काढलं, त खाशीन काय?"

"नको बांधू. मंग मी बसतो तुह्या बाजूले. थे फोटोतली भिंतीवर बसते, मी गाडीत बसतो."

ती बसली असती. तिला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा. मी पट्टा उचलला. पुढचे सगळे फेरे तसेच झाले. गाठ मारायची, ढिली आहे म्हणून सोडायची, पुन्हा मारायची, मग फळीवर थाप. मी शेवटचा. हंगाम संपता संपता मालकानं मला अकोल्याच्या फेऱ्यावरून काढून वखारीसाठी गवत-फळ्या आणायच्या कामाला लावलं. मी कितीतरी महिने तिच्याशी धड बोललो नाही. ती मात्र मजेत. जेवताना विचारायची, "रहीमभाईचं काय चाललं?" आणि माझ्याकडे सांगायला काहीच नसायचं, याचंच तिला वाईट वाटायचं.

त्या पट्ट्याची परीक्षा कधी झालीच नाही. आणि गणपत? त्याला काही झालं असतं तर देवका खरी ठरली असती. पण गणपत कधीच पट्टा न बांधता म्हातारा झाला. दर भेटीत छाती ठोकून म्हणायचा, "पाय, मले काय झालं?" त्यामुळे आमचा वाद कधी मिटलाच नाही.

कार्यक्रमाला तो तिवश्याहून आला, काठी टेकत. देवकाच्या फोटोला फूल वाहिलं आणि त्याच जुन्या खाटेवर माझ्याजवळ बसला. बराच वेळ नवारीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "नामदेवा, तू पट्ट्यानं नाई वाचला."

"आज तरी सोड लेका."

"आयकून त घे. तुह्या हाती स्टेरिंग असलं का मीच भेत होतो तुले. तू मागं राहिला, म्हून मीही हळू चालवाले लागलो. कोनासंग लढू?" मग त्यानं विचारलं, "वहिनी पेटीची गाठ कशी मारे रे?"

"चुटकीसरशी. वखारीत तिच्यासारखा हात कोनाचा नोयता."

"मंग तुही गाठ माराले तिले इतका येळ काहून लागे?"

पन्नासाहून जास्त वर्षं... मला हे एकदाही सुचलं नाही. गणपत गेल्यावर मी कपड्यांच्या पेटीतून तो जपून ठेवलेला पट्टा काढला. तशीच गाठ मारून पाहिली, टोक ओढून सोडली, पुन्हा मारली. माझ्या म्हाताऱ्या हातांनासुद्धा काही वेळ लागत नाही.

खाटेचा पायथा अजून उघडाच आहे. संसारात पुढं सगळं नवं आलं, पण तेवढी नवार तिनं कधी भरू दिली नाही. आता पल्लवी म्हणते, आबा, नवीन पट्टी आणून विणून घेऊ. मी नको म्हटलं. दुपारी त्या खाटेवर पडतो, पाय मोकळ्या जागेत खाली जातात. आयुष्यभर सगळे प्रश्न तिनंच विचारले. माझ्याजवळ हा एकच आहे. छताकडे पाहून विचारतो, काहून वं, तुले इतका येळ काहून लागे?