कुटाराचं अंगन

फुलसावंगीच्या मारोतरावले एक वेळ जेवन नसलं तरी चालते, पन बोलाले मानूस पायजे. जुन्या घरी सडकेले लागूनच ओटा होता. सांज झाली का तांड्यातला धावजी येये, बाबाराव येये, वाटेनं जानारा कोनीबी टेके. मारोतराव मंधात बसे अन् गोष्टी हाने.

मंग त्यानं गावाभाईर नवं घर बांधलं. घर झकास, पन जागा म्हनसान तं घसरगुंडी. वर घर, खाली सडक, मंधात सारा उतार. दारातून लिंबू सुटला का थेट सडकेवर. एक डाव त्याच्या बायकोच्या, शकुबाईच्या हातून भाताचा गंजच सुटला, ते मागं धावली, पन गंज काई थांबे ना.

वास्तूले मानसं आली, जेवली, अन् मंग कोनी फिरकलंच नाई. धावजी खालूनच हात दाखवे. "गुडघे नाई म्हन्तेत गा, मारोतराव!" असं ओरडे अन् चालला जाये. मारोतराव वर बाजीवर एकटाच. सांगू काय बाप्पा, तो बकरीसंग बोलाले लागला. शकुबाई म्हने, "आवो, बकरीबी उठून चालली, पाहा."

तवा त्यानं ठरवलं, अंगन असं करू का बसलेला मानूस उठलाच नाई पायजे. पोरगा कपिल यवतमाळले नोकरीवर. त्यानं मोबाईलवर फोटू धाडले. हिरवं गवत, झोपाळा, मोठ्ठी छत्री, अन् छत्रीखाली एक गोरी बाई पाय लांब करून पडेल.

"बाबा, उतारावर पायऱ्यापायऱ्याचं अंगन करतेत," कपिल फोनवर म्हने. "एका पायरीवर झाडं, एकीवर बसाची जागा."

"हे बाई कायले पडली हाय? आजारी हाय का?"

"आराम करून राह्यली, बाबा."

"दिवसाढवळ्या?" शकुबाईनं मोबाईल हिसकला. "मले छत्री नोको अन् बाई नोको. मले कुरड्या वाळू घालाले सपाट जागा पायजे."

सपाट कराले मुरूम पायजे. मुरमाच्या ट्रॅक्टरनं अर्ध्या चढावर समोरचे चाकं उचलले, अन् डायवर उडी मारून पळाला. मंग मारोतरावची नजर कुटारावर गेली. सोयाबीन काढल्यावर जो भुसा उरते ना, ते कुटार. घरामागं त्याचा डोंगर लागेल होता. नुसतं वरून ढकलाचं काम!

"आवो, ते ढोरायचं खानं हाय," शकुबाई म्हने. "त्याचं कोन अंगन करते?"

"दाबलं का दगड होते. तुले काय समजते त्यातलं?"

"मले एवढंच समजते का मी त्याच्यावर पाय ठेवत नाई."

मारोतरावनं खालच्या आंगानं कपाशीच्या पऱ्हाट्यायची आड लावली. मांगं कुटार ढकललं, पानी मारलं, नाचून नाचून दाबलं. वरतून माती, त्याच्यावर शेनाचं सारवन. अंगन असं सपाट दिसे का कॅरम खेळा! शकुबाईनंबी कडेले रांगोळी काढली, पन पाय दारातच ठेवून, हात लांब करून.

मंग गावात निरोप गेला, अंगन पाहाले या, भजे हायेत. भज्यायचं नाव आयकून धावजीचे गुडघे दुरुस्त झाले. बाबारावबी काठी टेकत आला. मारोतरावनं मंधोमंध बाज टाकली.

"वा! पायाले गादीवानी लागते गा," धावजी म्हने. "भराव कायचा हाय?"

"आपला पेशल हाय," मारोतराव छाती फुगवून बोलला.

तिघं बाजीवर टेकले. बाज ईतभर खाली गेली.

"मारोतराव," बाबाराव म्हने, "तुहं घर वर जाऊन राह्यलं असं काहून दिसते?"

"चष्मा पूस."

बाज अजून खाली गेली. धावजीनं हातातलं भजं तोंडात कोंबलं, "ये याडी!" म्हनून आपल्या मायले हाक मारली, अन् पऱ्हाट्या कडकन मोडल्या. सारं अंगन निंगालं! रांगोळीसकट! बाज समोर, कुटार मांगं, कोंबड्या दोहीकडे. बाबाराव काठीनं ब्रेक मारून राह्यला, मारोतराव "हो! हो!" करून बाजीले बैलावानी थांबवून राह्यला. शकुबाई झारा घेऊन दारात आली. "आवो, चालले कुठी? चहा राह्यला नं!"

बाज सडकेच्या कडेले हिवराच्या झाडाखाली थांबली. मागून कुटार आलं अन् तिघायले गळ्यापर्यंत झाकून गेलं. कुटार मऊ, लागलं कोनालेच नाई. पन मारोतरावचं तोंड एवढंसं झालं. गाव तं हासनच, पन आता आपल्या दारी कोनी येनारच नाई, हेच त्याच्या मनाले लागलं.

तेवढ्यात वावरातून येनाऱ्या बाया थांबल्या. "मारोतभाऊ, हे मुंडके कायचे पेरले व माय?" दूधवाला थांबला. कोनी सायकल टेकवली, कोनी कुटारावरच बैठक मारली. शकुबाई भजे घेऊन उतरली. बाबाराव कुटारातून हात काढून भजं घेये अन् नव्या मानसाले पह्यल्यापासून गोष्ट सांगे, अन् तेबी चुकीची!

मारोतरावले राहवलं नाई. तोंडातलं कुटार थुकून म्हने, "थांब बाबाराव, तसं नाई झालं. मी सांगतो." मंग तो सांगतच राह्यला. दिवस बुडाला तरी कोनी उठे ना.

"ओटा इथंच बांध गा," धावजी म्हने. "वर मी चढत नाई, अन् खाली याची हे रीत मले झेपत नाई."

मारोतरावनं हिवराखाली दगडाचा पक्का ओटा बांधला. वर, दाराजवळ, दगडी बांध घालून शकुबाईची सपाट जागा झाली. तिथं बाज न्याची मनाई हाय. आता मारोतराव दिवसभर सडकेवर. शकुबाई वरून जेवाले हाका मारते, तं त्याले आयकूच येत नाई. कोनी नवखा मानूस विचारते, "भाऊ, तुमचं घर कोनतं?"

"ते वर दिसते नं, ते शकुबाईचं," मारोतराव म्हन्ते. "आमी इथं राह्यतो. बसा."