हातानं खाल्लेला घास

माझी मुलगी दीड वर्षाची असताना स्वतःच्या हातानं जेवायची. अर्धं पोटात, अर्धं फ्रॉकवर. चिमणी दिसली की ‘चिऊ’ म्हणायची, वडील दुकानाला निघाले की ‘बाबा गेला’ म्हणायची. तिच्या प्रत्येक नव्या शब्दाचा फोन आम्ही जळगावहून धुळ्याला, माझ्या मोठ्या दिरांच्या घरी करायचो. सासू-सासरे तिथंच राहतात. सगळं घर फोनवर गोळा व्हायचं.

दोन वर्षांची झाल्यावर ते एकेक करून गेलं. आधी शब्द गेले. मग हाक मारली की वळून बघणं गेलं. मग ताटाकडे जाणारा हात मांडीवरच पडून राहायला लागला. जळगावचे डॉक्टर झाले, पुण्याचे झाले. ‘रिग्रेशन’, म्हणजे आलेलं परत जाणं, हा शब्द आमच्या घरात आला आणि घरच्यासारखा राहिला. मोबाईलमध्ये तिचा ‘चिऊ’ म्हणतानाचा व्हिडिओ आहे. तो मी बघायचे नाही. त्यातल्या बाळाला जे येतं ते माझ्या शेजारी बसलेल्या पाच वर्षांच्या मुलीला येत नव्हतं, हे बघून काय मिळणार होतं?

थेरपीच्या बाईंनी सांगितलं होतं, “जुनी मुलगी परत येईल म्हणून वाट बघू नका. हिला नव्यानं शिकवा.” मग मी नव्यानं सुरुवात केली. तिच्या हातावर माझा हात ठेवून घास उचलायचा, तोंडापर्यंत न्यायचा. पुढे नुसतं मनगट धरायचं. पुढे कोपराला बोट लावायचं. हे किती महिने चाललं ते मी मोजलं नाही, मोजलं असतं तर सोडून दिलं असतं.

एका दुपारी मी दुधात कुस्करलेली भाकरी तिच्यासमोर ठेवून पाणी आणायला गेले. परत आले तर तिनं हात वाटीत घातला होता. घास उचलला, हनुवटीला लावला, मग तोंडात घातला. मी दारातच खाली बसले.

ह्यांना दुकानात फोन केला. ते दुकान नोकरावर टाकून जिलेबी घेऊन आले. मुलीनं जिलेबीला हातही लावला नाही, आम्ही दोघांनीच खाल्ली. खाता खाता ह्यांनी धुळ्याला फोन लावला, जिलेबीचंही सांगितलं. कितीतरी दिवसांनी आमच्याकडे सांगण्यासारखं काही होतं.

पुढच्या रविवारी दिरांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. एरंडोल, पारोळा करत आम्ही पोचलो तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं. वरण-बट्टीचा बेत होता. पंगत बसली तशी जाऊबाईंनी माझ्या मुलीला मधोमध बसवलं आणि मोठ्यानं सांगितलं, “आज आमची छोटी सगळ्यांना हातानं जेवून दाखवणार आहे!”

मी म्हटलं, “ताई, नको. गर्दीत तिला जमणार नाही.”

“अगं, आपलीच माणसं आहेत. लाजतेस काय?”

दोघातिघांनी मोबाईल काढले. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी चुटक्या वाजवून ‘खा, खा’ करू लागलं. मुलीनं दोन्ही कानांवर हात दाबले. मी उठून तिच्यापर्यंत पोचेपर्यंत तिनं पायानं ताट उडवलं. वरण नव्या फरशीवर पसरलं आणि ती किंचाळत राहिली.

“असू दे, असू दे,” जाऊबाई म्हणाल्या, “फरशी काय, पुसता येते.”

पाहुण्यांतली एक बाई मला समजावायला लागली, “आधी सगळं येत होतं ना हिला? दृष्ट लागते हो. चांगलं काही झालं तर सांगत फिरू नये.” तिच्या मागून कुणीतरी हसत विचारलं, “ह्याच्यासाठी जिलेबी खाल्ली होती का?”

सासूबाई मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. मी पाठोपाठ गेले, तर त्या तिला घास भरवत होत्या. मी थांबवायला पुढे झाले.

“तिले भूक लागनी शे,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “तू सर.”

मी सरले. भरवणं सोपं होतं. त्यांच्या मायेत खोट नव्हती, म्हणून तर मला भांडताही येईना.

परतताना बसमध्ये पारोळ्याला मुलगी माझ्या मांडीवर झोपली. मग हे म्हणाले, “मी फोन करायलाच नको होता.”

“का नको?” मी म्हटलं. “त्यांचा मुलगा वर्गात पहिला आला की त्यांचा फोन येतोच ना? आपण ऐकतो, आनंदही दाखवतो. आपल्याला एक फोन करायचा हक्क नाही?”



त्या दिवसापासून मुलीनं पुन्हा ताटात हात घालणं सोडलं. वाटी समोर आली की ती हात पाठीमागे न्यायची. मी परत पहिल्यापासून लागले. मनगट, कोपर, सगळं. मला राग यायचा, पण तो कुणावर काढावा हे समजायचं नाही. बऱ्याचदा तो भांड्यांवर निघायचा.

पावसाळा संपता संपता एका सकाळी मी तिच्यासमोर पोहे ठेवून ओट्याकडे वळले. मागे ताटलीचा आवाज झाला. तिरक्या नजरेनं पाहिलं, ती खात होती. मी तिच्याकडे वळले नाही. चहा उतू गेला तरी गॅस बंद करायला हात पुढे केला नाही.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. त्यांचे डोळे भरले. जरा वेळानं विचारलं, “धुळ्याला सांगू?”

“नको.”

त्या रात्री आम्ही रोजचंच जेवण जेवलो.

आता ती सात वर्षांची आहे. अर्धं जेवण हातानं जेवते. शब्द एकही परत आलेला नाही. जाऊबाईंचा फोन आला की त्या न विसरता विचारतात, “काही प्रगती?” समोर माझी मुलगी बोटांना लागलेलं वरण चाटत असते.

“आहे तसंच आहे, ताई,” मी म्हणते.