मुळं पाहिली नाहीत

सूत्रकृमी म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, मुळात घुसणारा किडा. त्याच्या अंगावर काय असतं, हा माझा अभ्यास. वाढताना तो चारदा कात टाकतो, आणि कातीवरही एक पातळ थर असतो. तो सारखा गळतो, सारखा नवा होतो. त्यामुळे घरात परका शिरलाय हे मुळाला लवकर कळतच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो थर रंगवून पाहताना मी जेवण विसरायचे. एवढी हुशार मी!

त्या आषाढात सौंदडजवळच्या आमच्या गावी दोन दिवस आले होते. बाबा मला धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीआधीची कोवळी रोपं, दाखवायला घेऊन गेले. "तू त याचंच शिकून राहिली. पाय बरं, हे पऱ्हे काऊन पिवळे पडून राहिले?"

माझं लक्ष फोनमध्ये. चपला चिखलात जाऊ नयेत म्हणून बांधावरूनच म्हणाले, "युरिया कमी पडलाय. टाका थोडा." एक रोप उपटून मूळ पाहिलं असतं तर पुरे होतं. नाही पाहिलं.

युरियानं पऱ्हे हिरवे झाले. आमच्याकडे रोवणा, म्हणजे लावणी, आटोपून उरलेले पऱ्हे विकत नाहीत. ज्याला कमी पडले, त्याला देऊन टाकतात. ताईच्या सासरचे पऱ्हे पाण्यात सडले होते. बाबांनी हौसेनं पेंढ्या बांधून पाठवल्या. "माझ्या पोरीनं पाहून दिले," असं गावभर सांगितलं.

दसऱ्याला ताईच्या बांधीत, धानाच्या शेतात, गेले. धान खुरटलेला, लोंब्या पोचट. एक रोप उपटलं. मुळांची टोकं आकड्यासारखी वळून गाठाळली होती. कशानं, ते मला झोपेतही सांगता आलं असतं. पण मी मूग गिळून बसले. "माहेरानं रोग धाडला," म्हणत सासूनं ताईचं माहेर तोडलं. बाबा अंगणात बसून रस्त्याकडे पाहत राहायचे. त्यांना खरं सांगायचं मी पुढच्या सुट्टीवर ढकलत गेले. फाल्गुनात बाबा गेले.

तेरवीला ताई आली. तिच्यापुढे सगळं ओकायचं ठरवून मी तोंड उघडलं, तर तीच रडत म्हणाली, "बाबा दिवाळीत आमच्या घरी आलते. बांधीतलं एक रोप उपटून पाहिलं, मंग सासूच्या पाया पडले. म्हणे, पोरीनं त मले मुळं पाहाले सांगतलं होतं, मीच नाही पाहिले."

मी असं काहीच सांगितलं नव्हतं.