बुसानमध्ये टिश्यूच्या पाकिटाने जागा राखता येत नाही

इराचा मेसेज आला तेव्हा मी सिंगापुरात, तांजोंग पगारच्या ऑफिसात एका लांबलेल्या मीटिंगमध्ये होते. ‘आई, बुसानने हो म्हटलं!!’ आणि पुढे रडक्या-हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी फोन उलटा ठेवला. पुढची वीस मिनिटं कोण काय बोललं ते मला आजही सांगता येणार नाही.

इरा आमची एकुलती एक. तीन वर्षांची असताना पुण्याहून सिंगापूरला आली, आता वीस वर्षांची आहे. इथल्या पॉलिटेक्निकमधून तिने जहाजबांधणीचा डिप्लोमा केला आणि पुढची डिग्री तिला करायची होती दक्षिण कोरियात, बुसानला. सोलनंतरचं तिथलं सगळ्यात मोठं शहर आणि त्यांचं मोठं बंदर. जहाजं शिकायची तर ती जिथे बांधतात तिथे जाऊन शिकायची, हे तिचं म्हणणं. माझं म्हणणं, सिंगापूरच्या समुद्रातही जहाजांची रांग लागलेली असते आणि ती बघायला बसने जाता येतं.

“तू बघून ये शहर. तू हो म्हणालीस तर माझंही हो,” एवढं बोलून माझा नवरा मंदार मोकळा झाला. वर हातात टेप घेऊन इराच्या खोलीत शिरला. “ती गेलीच, तर घरून काम करायचं माझं टेबल इथे बसेल का गं?” मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

विद्यापीठाला सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. आम्ही मायलेकी मंगळवारी निघालो, शनिवारी परत येणार होतो. त्या पाच दिवसांत मला ठरवायचं होतं, पोरीला पाठवायचं की नाही.

आता मी पडले प्रोजेक्ट मॅनेजर. कुठलंही काम सुरू करण्याआधी आम्ही जोखमींचा तक्ता करतो. धोका काय, किती मोठा, त्यावर उपाय काय. लाल, पिवळा, हिरवा. बुसानचाही मी केला. चौदा ओळी झाल्या. जेवण, थंडी, एकटीचं राहणं, भाषा, डॉक्टर असं करत करत बहुतेक रकाने लाल. इराला अर्थातच दाखवला नाही.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगते. आपला निळा पासपोर्ट असेल तर व्हिसा आधी काढावा लागतो, तिकिटाच्या बरंच आधी अर्ज टाका. सिंगापूरहून थेट विमानाने साडेसहा तासांच्या आसपास लागतात. विमानतळाबाहेर छोटी विनाड्रायव्हर गाडी मिळते, अगदी आमच्या बुकित पंजांगच्या एलआरटीची बहीण. ती सासांगला सोडते, तिथून मेट्रोने सोम्यन. दोन मेट्रो लाइन तिथे भेटतात, म्हणून हॉटेल तिथेच घ्या. प्रवासाचं कार्ड कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, पण त्यात पैसे भरायला रोख लागते. मी ऐटीत बँकेचं कार्ड पुढे केलं आणि दुकानदाराने दोन्ही हातांची फुली करून दाखवली. शिवाय आपला रोजचा मॅप तिथे पायवाटा दाखवत नाही. कोरियन मॅप फोनवर आधीच घेऊन ठेवा.

एप्रिल होता. चेरीचा बहर ओसरला होता, पाकळ्या गटारांच्या जाळ्यांवर साचल्या होत्या. सिंगापुरात राहून मला थंडी म्हणजे ऑफिसचा एसी एवढंच माहीत उरलंय. बुसानचा समुद्री वारा कानांत शिरला तशी मी पहिल्या संध्याकाळी एक जाड मफलर घेतला आणि तक्त्यातली ‘थंडी’ आणखी गडद लाल केली.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठ. शहर सगळं डोंगरांच्या कुशीत आणि उतारांवर वसलेलं, त्यामुळे विद्यापीठही चढावर. मुख्य दरवाजापासून इराच्या विभागापर्यंत मी चार वेळा थांबले. माझ्या बाजूने काठ्या टेकत, पाठीला पिशव्या लावलेले सत्तरीचे आजी-आजोबा टुणटुण वर निघून जात होते. मी खजील. पण तो विभाग बघितला आणि मी चढ विसरले. काचेपलीकडे एक लांबच लांब पाण्याची टाकी, त्यात जहाजाचं मॉडेल, आणि पाच-सहा पोरं कृत्रिम लाटा सोडून ते कसं डोलतं ते मोजत होती. त्यातली एक मुलगी बाहेर आली आणि इराशी तिची अशी गट्टी जमली की मला दोघींचा एक शब्द कळेना. जुरोंग ईस्टच्या क्लासमध्ये शनिवार-शनिवार करून पोरगी एवढं कोरियन शिकली होती. मी मागे उभी राहून उगीच हसत होते. अभिमान वाटत होता आणि पोरगी आत्ताच लांब गेल्यासारखंही वाटत होतं.

दुपारी बसमध्ये इरा उभी होती, तर समोर बसलेल्या एका आजींनी काही न विचारता तिची जड बॅग ओढून स्वतःच्या मांडीवर घेतली. आजींनी माझ्याकडे बघून मान हलवली, मीही हलवली. तीन थांब्यांनंतर बॅग परत मिळाली. शहरात किती स्वच्छता, मेट्रो किती वेळेवर, हे सगळं तुम्हाला इतर ब्लॉगांवर वाचायला मिळेल, आणि सिंगापूरहून गेलेल्या माणसाला त्याचं फार अप्रूप नसतं. मला त्या बॅगेचं वाटलं.

आता टिश्यूची गोष्ट. ती गुरुवारी, नाम्पोच्या जुन्या बाजारात घडली.

हा बाजार चुकवू नका. भांडी, कापड, चष्मे, मधेच एक आख्खी गल्ली खाण्याची. मी शाकाहारी आहे, आणि कोरियात शाकाहारी माणसाचं कठीण असतं, कारण मासळीचं पाणी कशाकशात असेल सांगता येत नाही. पण या गल्लीत लाल चवळीसारख्या दाण्यांची गोड खीर मिळते, पातजुक. शिवाय होत्तोक, म्हणजे आत साखर-दालचिनी आणि वर भरपूर बिया घातलेली तळलेली पोळी. गुळाच्या पोळीची आठवण येते, फक्त ही हातात धरून खाताना साखरेचा पाक मनगटापर्यंत येतो. दोन्ही मिळून माणशी आठ-नऊ हजार वॉन, म्हणजे आठ-नऊ सिंगापूर डॉलर समजा.

खिरीच्या एका टपरीपुढे बाक रिकामा दिसला. सतरा वर्षांची सवय. मी पर्समधून टिश्यूचं पाकीट काढलं, बाकावर ठेवलं आणि निर्धास्तपणे इराला घेऊन होत्तोकच्या रांगेकडे निघाले. जे सिंगापूरला राहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉलांमध्ये, टेबलं सगळ्यांची असतात, टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा तुमची. याला ‘चोप’ करणं म्हणतात. मग खुशाल दहा स्टॉल हिंडा, तुमच्या जागेला कोणी हात लावत नाही.

वीस पावलं गेलो नाही तोच मागून हाका. टपरीवाल्या बाई, फुलाफुलांचा एप्रन, कुरळे केस, पळत आल्या आणि दोन्ही हातांनी मला पाकीट देऊन वाकल्या. मीही वाकून आभार मानले. परत गेले, पाकीट परत बाकावर ठेवलं, आणि त्यांना हातानेच ‘असू दे, असू दे’ अशी खूण केली.

होत्तोकच्या रांगेत माझा नंबर आला आणि बाई पुन्हा हजर. या वेळी धाप लागलेली. पाकीट त्यांनी माझ्या पर्समध्ये स्वतः कोंबलं, चेन लावली आणि बराच वेळ काहीतरी बोलल्या. सूर ओळखीचा होता. धांदरट भाचीला मावशी रागावते तो.

“काय म्हणाल्या?” मी इराला विचारलं.

इरा हसून हसून खाली बसायची बाकी होती. हसताना तिच्या वाक्यांना सिंगापुरी ‘लाह’ची शेपटी लागते. “आई, शी सेज, तुझं लक्ष कुठे असतं? आज टिश्यू विसरलीस, उद्या पासपोर्ट विसरशील. आणि इथे चोप नाही चालत लाह! तो बाक त्यांचाच आहे. त्यांच्याकडे खाणाऱ्यांसाठी.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणजे मी त्यांच्या गिऱ्हाइकांची जागा अडवून दुसरीकडे खरेदीला निघाले होते, तेही दोनदा, आणि त्या बिचाऱ्या धंदा सोडून माझं पाकीट घेऊन पळत होत्या. आम्ही मुकाट्याने त्यांच्या बाकावर जाऊन बसलो. इराने त्यांना ‘इमो’ अशी हाक मारली. खाणावळीतल्या बाईंना तिथे असंच म्हणतात, आणि इमो म्हणजे चक्क मावशी. मग इराने त्यांना आमच्या टिश्यूच्या रिवाजाचं सगळं पुराण ऐकवलं. मावशी आधी डोळे विस्फारून ऐकत होत्या, मग इतक्या हसल्या की त्यांनी इराच्या पाठीत एक धपाटा घातला आणि शेजारच्या टपरीवालीलाही ओरडून गोष्ट सांगितली. सगळी गल्ली माझ्याकडे बघून हसायला लागली.

मला एकदम आठवलं, सिंगापूरच्या पहिल्या आठवड्यात मी अशीच एका टेबलावर जाऊन बसले होते. तिथे टिश्यूचं पाकीट होतं. फुकट ठेवलंय समजून मी ते फोडलं आणि इराचं तोंडही पुसलं. पाकिटाचे मालक, एक चिनी काका, नूडल्सचा ट्रे घेऊन समोर उभे. मी रडवेली झाले होते. काकांनी ट्रे ठेवला, उरलेलं पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि मला बसवून सगळं समजावलं. त्या दिवसापर्यंत मला रोज पुण्याला परत जायचं असायचं.

मावशी खिरीचे वाडगे घेऊन आल्या आणि इराला काहीतरी विचारलं.

“काय विचारतायत?”

“मी इथे शिकणार का. मी सांगितलं, आई ठरवणार आहे.”

मावशींनी माझ्याकडे बघितलं, पातेल्यात डाव घातला आणि माझ्या वाडग्यात आणखी खीर ओतली.

“आता काय म्हणाल्या?”

“मग आईला आधी पोटभर खाऊ दे, म्हणाल्या.”

शुक्रवारी आम्ही बसने योंगदोला गेलो. पुलाने जोडलेलं बेट, एका बाजूला जहाजदुरुस्तीचे कारखाने, दुसरीकडे कड्यावर पांढरी घरं आणि खाली समुद्र. कड्यावरच्या कॅफेत कॉफी महाग आहे, पण खिडकीतून जे दिसतं त्यासाठी द्या. नांगर टाकलेली जहाजं पार क्षितिजापर्यंत उभी होती. मला सगळी सारखीच. इरा एकेकाकडे बोट दाखवून सांगत होती, यात गॅस असतो, यात गाड्या, हे रिकामं आहे म्हणून इतकं वर आलंय. तिचा असा चेहरा मी घरी बघितला नव्हता. तिने फोटो बघायला माझा फोन मागितला. मी दिला, आणि त्यावर तक्ता उघडा होता हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

तिने चौदाही ओळी वाचल्या. मी चार दिवसांत बऱ्याच हिरव्या केल्या होत्या. जेवण पिवळं, थंडीही पिवळी, एकटीचं राहणं हिरवं. चौदावी ओळ तशीच लाल होती. ‘आपल्याला करमणार नाही.’ उपायाचा रकाना रिकामा.

“आई,” ती हळूच म्हणाली, “यात बुसानचा काही फॉल्ट नाही ना?”

“नाही गं,” मी म्हटलं. “बुसानचा काहीच दोष नाही.”

तिने फोन माझ्या हातात परत दिला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिने विचारलं, “मग आन्सर?” मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते.

शनिवारी संध्याकाळी बुकित पंजांगच्या आमच्या बाराव्या मजल्यावर पोचलो. मंदारने पिठलं-भात करून ठेवला होता. इरा आंघोळीला गेली. मी पर्स रिकामी करायला घेतली आणि तळाशी ते पाकीट सापडलं, चुरगळलेलं, मावशींनी कोंबलेलं. ते घेऊन मी इराच्या खोलीत गेले आणि तिच्या पलंगावर बरोबर मधोमध ठेवलं.

ती केस पुसत आली. पलंगाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“हे काय?”

“तुझी जागा चोप केलीय. आता कुठेही हिंडून ये.”

टॉवेल तिच्या हातातून पडला. “मीन्स येस?”

“सोमवारची वाट बघू नकोस. आजच कळव त्यांना.”

ती ओल्या केसांनी तशीच माझ्या गळ्यात पडली. आवाज ऐकून मंदार दारात आला, त्याला सगळं कळायला थोडा वेळ लागला आणि मग त्याचेही डोळे भरले. मी म्हटलं, “तुझं टेबल हॉलमध्ये. इथे टिश्यू ठेवलाय, दिसत नाही का?”

इरा सप्टेंबरमध्ये गेली. बुसानला जा म्हणून मी आता सगळ्यांना सांगत सुटते. चांगले बूट घ्या, रोख ठेवा, आणि बाजारात ज्यांच्या बाकावर बसाल त्यांच्याकडेच खा. इरा महिन्यातून एकदा त्या मावशींकडे जाते. टिश्यूवाली आई कशी आहे, असं त्या विचारतात म्हणे. तक्त्यातली चौदावी ओळ अजून लालच आहे. पाकीट तिच्या पलंगावर आहे. दर रविवारी मी ते उचलते, चादर बदलते आणि परत मधोमध ठेवते.