मी शिकवलेले चोरीचे शब्द

थेफ्ट म्हणजे चोरी. बर्गलरी म्हणजे घरफोडी. रॉबरी म्हणजे मारून-धमकावून घेणं. ट्रेसपास म्हणजे दुसऱ्याच्या जागेत न विचारता शिरणं. हे शब्द मी निडी स्टेशनच्या पुढच्या आदिवासी वाडीत एका बाईला तिच्या ओट्यावर बसून शिकवले, आणि त्या दिवशी परत जाताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. पुढे त्या बाईला लोकांनी जे बोल लावले, त्यातले निम्मे माझ्या वाट्याचे आहेत. म्हणून हे लिहिते.

मी पेणकडची, खाडीकाठच्या गावातली. घरात थोडी शेती, बाकी मिठागरावरची मजुरी. कॉलेज संपल्यावर कष्टकऱ्यांच्या एका संघटनेत पडले. आमचं काम म्हणजे पत्रकं लिहायची, छापायची, वाटायची, आणि गरज पडेल तिथे भांडायचं. भांडण्यात मी पटाईत होते. आठवड्यातून दोनदा गाडीने निडीला उतरायचे आणि तिथून वाडीपर्यंत चालत जायचे.

ती बाई तिशीची, आठवीपर्यंत शिकलेली. नवरा धाटावच्या कारखान्यात कंत्राटावर, कधी शिफ्ट मिळे, कधी नाही. वाडीच्या खालची शेतं मुंबईच्या एका माणसाने विकत घेतली, भोवती तारेचं कुंपण घातलं, फाटक बसवलं आणि त्या फाटकावर गार्ड म्हणून हिला ठेवलं. वाडीत युनिफॉर्म घालणारी ही पहिली बाई. निळा शर्ट दोन मापं मोठा होता. बायकांनी तिला उभी करून चारी बाजूंनी बघितलं.

"सलाम ठोका गो, सायबीण आली!" तिची आई म्हणाली, आणि स्वतःच इतकी हसली की तिला खोकला लागला.

ही आई शेजारच्याच झोपडीत एकटी राहायची. लेक ड्युटीवर गेली की चार वर्षांची नात तिच्याकडे.

गार्डला रोजची नोंदवही भरायची होती, तीही इंग्रजीत. सुपरवायझर संध्याकाळी पानाचा फोटो काढून मालकाला पाठवायचा. हे ऐकून मी नेहमीसारखी भडकले. "मराठीत का नाही? महाराष्ट्रात आहे ना ती जमीन? मी पत्र लिहिते."

"पत्र नको गो बाय," ती म्हणाली. "शब्द दे."

मग एका उरलेल्या पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर मी यादी केली. ती एकेक शब्द मराठी अक्षरांत आणि इंग्रजी अक्षरांत, दोन्हीकडून घोटायची.

"खिसा कापला तर?"

"पिकपॉकेट."

"पोर पळवली तर?"

"किडनॅपिंग."

"आणि नवरा पळाला तर?" आईने दारातून विचारलं.

"त्याला गुन्ह्यातला शब्द नाही, मावशी."

"मग कसली गो तुमची इंग्रजी!"

"आणि एखाद्याची जमीनच नेली तर?" हा प्रश्न मी स्वतःच काढला, कारण मला त्यावर भाषण करायचं होतं. बराच वेळ केलं. दोघींनी ऐकून घेतलं. मग लेक म्हणाली, "ते वहीत नाय येनार. फुडचा सांग."

शेवटी मी तिला नियम घालून दिला, तोही पत्रकाच्या भाषेत. घाबरायचं नाही. सुपरवायझर सांगेल ते लिहायचं नाही, आपण बघितलं ते लिहायचं. दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली की ती चोरी, घेणारा कुणीही असो. "कुणीही असो" म्हणताना मी ओट्यावर बोट आपटलं. माझ्या डोळ्यांपुढे मोठे लोक होते.

भातकापणी झाली. कुंपणाच्या आतला एक तुकडा जुना शेतकरीच मालकाच्या परवानगीने अजून लावत होता. आता इथली रीत सांगते. भात कापून नेलं की बांधातली उंदरांची बिळं वाडीतल्या बायका खणतात. उंदराने आत हातभर खोल लोंब्या साठवलेल्या असतात. तो भात खणणारीचा. शेतकऱ्याला फक्त सांगायचं, "बांधावर जातो." तो म्हणणार, "जा, उंदीरपन न्या." तेवढं सांगितलं की झालं. पण सांगणं चुकवायचं नाही. आजूबाजूच्या गावांत कोंबडी हरवली तरी शोधणाऱ्याचं पहिलं पाऊल वाडीकडे वळतं. त्यामुळे वाडीत न सांगता घेणाऱ्याला वाडीच सोडत नाही. मावशी तर यात इतकी काटेकोर, की लेकीच्या घरातलं मीठसुद्धा हाक मारून घ्यायची.

त्या दिवशी मावशी आणि आणखी दोघी फाटकातूनच आत गेल्या. "बांधावर जातो गो," मावशीने लेकीला सांगितलं. लेकीने फाटक उघडलं. दुपारी तिघी एक टोपली भात घेऊन परत आल्या, लेकीने पुन्हा फाटक उघडलं, मग वही उघडली आणि माझ्या यादीत बघून लिहिलं: तीन बायका, ट्रेसपास, थेफ्ट, भात एक टोपली. पुढे तिघींची नावं. पहिलं आईचं.

फोटो गेला. तिसऱ्या दिवशी तिघींना पोलिसांकडून बोलावणं आलं. गुन्हा नोंदवला नाही, कुणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मला तसं काही घडायला हवं होतं. मग भांडता आलं असतं. सकाळपासून दुपार कलेपर्यंत तिघींना चौकीतल्या बाकावर बसवलं. येणारा-जाणारा विचारी, "कशापायी?" कुणीतरी सांगे, "भातचोर." शेवटी, परत आत पाय ठेवणार नाही, असं लिहून त्याखाली अंगठे घेतले. मावशीच्या आयुष्यात तिचं नाव कागदावर चोर म्हणून पहिल्यांदा आलं, आणि ते लेकीच्या अक्षरात.

मला कळलं तशी मी तडक फाटकावर गेले. आत मालकाच्या बंगल्याच्या कामावरचे गवंडी ऐकत होते, तरी थांबले नाही. "सख्ख्या आईला चोर लिहिलंस? युनिफॉर्म डोक्यात गेला का तुझ्या?"

ती खुर्चीवरून उठली. फाटकाची कडी धरून उभी राहिली.

"लिवलं म्हंजी सांगितलं ना, बाय," ती म्हणाली. "पयले शेतवाल्याला तोंडानं सांगायचो. आता जमीन ह्या मालकाची, तो मुंबईला. त्याला कुठं सांगायचं? वहीतच ना? म्हटलं, लपून नाय नेलं, सांगून नेलं, हे त्याला कळूदे. उंदराच्या भाताला तुझ्या कागदावर शब्द नव्हता. जवळचा व्हता तो घातला."

मला आमच्या घरचं मीठ आठवलं. माझी आई मिठागरावरून रोज ओटीत थोडं मीठ घेऊन यायची. मुकादमाच्या समोरून. आमच्या घरची आमटी, लोणचं, खारवलेली मासळी, सगळं त्या मिठावर. यादी करताना मला ते आठवलं नव्हतं. आठवलं असतं तरी मी ते कुठल्या शब्दाखाली लिहिलं असतं?

सुपरवायझरला जाऊन भेटले. नोंद खोडा म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, पान कधीच गेलं. आणि बाईचं काय वाईट झालं? मालक खूश आहेत. स्वतःच्या आईलासुद्धा सोडलं नाही म्हणाले." हे कौतुक त्याने गवंड्यांनाही सांगितलं होतं, आणि गवंड्यांनी वाडीत. वाडीतल्या बायका तिला येता-जाता बोल लावू लागल्या. नोकरी सोडावी तर नवऱ्याची शिफ्ट तेव्हाच बंद पडलेली. ती फाटकावर बसत राहिली.

मावशी भांडली नाही. नात सांभाळायची, पण लेकीशी बोलायची नाही. संध्याकाळी पोरीला दारात उभी करायची आणि आत वळायची. थंडी पडली तशी एक दिवस तिने सांगून टाकलं की ती वीटभट्टीवर जाणार. गुडघ्यांमुळे तिने भट्टी कधीच सोडली होती. बिळातल्या भातावर आणि खाडीतल्या खेकड्यांवर ती हिवाळा काढायची. अंगठा दिल्यावर आता बांधावर जायचं नव्हतं.

भट्टीवाल्याचा ट्रक सकाळी आला. भांडी, गोधड्या, कोंबड्या चढत होत्या. मी मावशीचं बोचकं धरून ठेवलं. "मावशी, चूक माझी आहे. तिने मी सांगितलं तसं केलं."

"म्हाईत हाय."

"मग तिच्याशी बोल. एकदा बोलून जा."

"बोलाया जातो, पन तोंडात येत नाय गो." तिने बोचकं माझ्या हातातून सोडवून घेतलं. "तू तिला फाटकावर चार मानसांत बोललीस, ते कळलं मला. परत बोलायचं नाय. माझी पोर हाय ती."

मग तिने नातीला उचलून माझ्या कडेवर दिलं. "आयशीकडं नेऊन दे. जेवलीय, सांग तिला."

ट्रक गेल्यावर मी पोरीला घेऊन फाटकावर गेले. "जेवलीय," मी सांगितलं. तिने मान हलवली, पोरीला घेतलं, आणि खुर्चीच्या मागे, सावलीत, गोणपाटावर बसवलं.