जखमवाल्या सिस्टर

टायरकाकांनी बायकोसाठी उभ्या आयुष्यात एकच वस्तू स्वतःच्या हातांनी, मन लावून बनवली, आणि नेमकी तीच तिच्या मुळावर आली.

काकांचं टायर-पंक्चरचं दुकान बेचाळीस वर्षं चाललं. काकू झटका येऊन अंथरुणाला खिळल्या, तेव्हा दुकानाला कुलूप लागून सहा वर्षं झाली होती. पण हातातली कला काही कुलुपात राहत नाही. काकूंच्या माकडहाडापाशी लाल डाग दिसला तसे काका स्टूल घेऊन माळ्यावर चढले. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माळ्यावर चढणं हीच मुळात चूक, पण ती त्या मानानं किरकोळ म्हणायची. त्यांनी स्कूटरची जुनी ट्यूब काढली, धुतली, हवा भरली, वर जुन्या चादरीची खोळ घातली आणि काकूंना त्या कड्यावर नीट बसवून दिलं. भोकात दुखरी जागा, भोवती मऊ हवा. काका इतके खूश झाले, की शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. "कंपन्यांना सुचत नाही हे," म्हणाले.

बारा दिवसांनी ट्यूब शाबूत होती. पंक्चर काकू झाल्या होत्या.

झटक्यानं काकूंची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. उरला होता एकच शब्द. "अहो." लग्न झाल्यापासून नवऱ्याला मारलेली हाक, डोक्यातलं बाकीचं सामान वाहून गेलं, तेवढी ती खुंटीला अडकून राहिली. पाणी हवं, अहो. उकडतंय, अहो. डॉक्टरांनाही अहो. एकदा फोनवर लेकीलासुद्धा अहो म्हणाल्या, तेव्हा लेक तिकडे परगावी फोन हातात धरून रडत बसली.

मग एका मंगळवारी अकरा वाजता सिस्टर आल्या. ठेंगण्या, पंचावन्नच्या पुढच्या, खांद्यावर प्लंबरच्या असते तेवढी मोठी बॅग. त्यांनी पुढे केलेल्या कार्डावर ‘शय्याव्रण तज्ज्ञ परिचारिका’ असं छापलेलं होतं. शय्या हा शब्द काकांना आजवर फक्त सिनेमाच्या गाण्यांत भेटला होता. त्यांनी कार्ड घाईनं उलटं ठेवलं.

"हे काय आहे?" सिस्टरांनी अंथरुणाकडे बोट दाखवलं.

"कडं. घरीच बनवलंय." काकांनी पहिलं बक्षीस मिळालेल्या मुलाच्या विनयानं सांगितलं.

"काढा."

"अहो, पण त्यानं जखम टेकत नाही कुठे!"

"जखम टेकत नाही, पण भोवतीचं सगळं आवळलं जातं. रक्त पोचत नाही तिथे. गळा दाबतात ना, तसं तुम्ही खालून दाबलंय, काका."

काका मटकन खुर्चीत बसले. काकू म्हणाल्या, "अहो." बायको पन्नास वर्षांनी एकदाची बरोबर ठरते, तेव्हाचा ‘अहो’ होता तो.

सिस्टर गोड बोलायच्या नाहीत. गोड बोलण्यात वेळ जातो, आणि त्यांच्या वहीत चौसष्ट घरं होती. वीस वर्षं त्यांनी मोठ्या दवाखान्याच्या वॉर्डात काढली. तिथे मांडीचं हाड मोडलेली म्हातारी माणसं यायची. डॉक्टर हाड जोडायचे, नातेवाईक हात जोडायचे, आणि महिन्याभरानं माणूस जायचा तो पाठीखालच्या जखमेनं, जिच्याकडे कोणी पाहिलेलंच नसायचं. "हाड झकास जुळलं होतं हो," असं एका डॉक्टरांनी एका मुलाला सांगितलेलं सिस्टरांनी ऐकलं. त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी जखमांच्या शिक्षणासाठी नाव घातलं. वर्गात बाविशीच्या पोरी. त्या यांना मावशी म्हणायच्या आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी यांच्याच वह्या मागायच्या.

तोवर गावच म्हातारं झालं होतं. औषधाच्या दुकानात पुढच्या फळीवर पूर्वी बाळांचे डायपर असत, तिथे आता मोठ्यांचे आले. शाळेचे दोन वर्ग बंद झाले आणि तिथल्या बाकांवर गुडघ्यांचा व्यायाम सुरू झाला. पूर्वी कुठल्याही दुखण्याला एकच सिस्टर पुरायची; आता मधुमेहाच्या पायांना पायवाल्या सिस्टर, विसरभोळ्यांना आठवणवाल्या सिस्टर, आणि या जखमवाल्या. पूर्वी डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, ट्रे आणा." आता तेच फोनवर विचारतात, "सिस्टर, काय करायचं म्हणता?" मान वाढला, माणसं वाढली नाहीत. जखमवाल्या सिस्टर सगळ्या गावात एकच होत्या.

त्यांनी जखम धुतली. कागदाच्या पट्टीनं मोजली, कापसाची काडी घालून खोली पाहिली. "चार सेंटिमीटर. आता नीट ऐका. तुमच्या दुकानात गाडी सहा महिने एका जागी उभी राहिली, तर टायरचं काय होतं?"

"खालची बाजू बसते. मग गाडी उडत चालते."

"उपाय?"

"मधून मधून पुढेमागे ढकलायची. टेकायची जागा बदलायची."

"तेच. दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसा आणि रात्रीसुद्धा. पूर्ण आडवं नाही करायचं, तिरकं, पाठीला उशी. टाचा अधांतरी."

काकांचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा वैद्यकीय ज्ञान त्यांना त्यांच्या भाषेत कोणी सांगितलं होतं. सिस्टरांनी भिंतीवर तक्ता चिकटवला: वेळ, कूस, सही. आणि दारात चप्पल घालताना उरलेलं सांगितलं. "पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर घरी ठेवता येणार नाही. मला तसं लिहावं लागेल. आधी दवाखाना, मग शुश्रूषा केंद्र."

केंद्र काकांना ठाऊक होतं. शेजारच्या आजोबांना भेटायला दोघं एकदा गेली होती. तीस खाटा, तीस भिंतीकडे वळलेली तोंडं. परत येताना जिन्यात काकूंनी त्यांची बाही घट्ट धरली होती. "मला इथे नका हं आणू," म्हणाल्या होत्या. तेव्हा त्यांच्याकडे सगळे शब्द होते.

काका कामाला लागले. लेकीच्या शाळेतल्या कंपासपेटीतला गुण्या शोधून काढून तीस अंशांचा कोन मोजला. उशांवर ‘डावी’, ‘उजवी’, ‘पोटऱ्या’ असं खडूनं लिहिलं. गजराचं घड्याळ दर दोन तासांनी केकाटायचं, आणि वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणायचे, "काका, परीक्षा आहे का?" पुढच्या मंगळवारी पट्टीवर साडेतीन आलं.

"बरं आहे," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच. काकांनी त्यांना आग्रहानं चहा पाजला आणि त्यांच्या स्कूटरचं मागचं टायर गुळगुळीत झाल्याबद्दल चांगली दहा मिनिटं फैलावर घेतलं. सिस्टर पहिल्यांदाच हसल्या. काकूही म्हणाल्या, "अहो." म्हणजे पुरे करा आता.

त्यानंतरच्या आठवड्यात काकांची कंबर धरली. काकूंना वळवताना पाठीत काहीतरी कट्कन बोललं, आणि मग खुर्चीतून उठायलाच दहा मिनिटं लागू लागली. रात्री घड्याळ वाजायचं, काका बंद करायचे, उठतो उठतो म्हणायचे, आणि डोळे उघडायचे तेव्हा खिडकीत ऊन आलेलं असायचं.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, अहो कोणीतरी बाई ठेवा."

"तीन आल्या. एक म्हणाली उचलायचं काम नाही. दुसरीला माझ्यापेक्षा जास्त कंबरदुखी. तिसरीचं वय विचारलं, तर एकाहत्तर."

"मग आईला केंद्रात..."

"चल, दूध उतू जातंय." गॅस बंद होता.

मंगळवारी सिस्टरांनी आधी तक्ता पाहिला. एकही चौकोन रिकामा नव्हता. मग काकूंचं पांघरूण सारलं, डाव्या खुब्यावरचा लालसर पट्टा बोटानं दाबला आणि तो पांढरा होतोय का, हे वाट पाहून पाहिलं. होत नव्हता.

"काल रात्री डाव्या कुशीवर किती वेळ होत्या?"

"तक्त्यात आहे की."

"तक्त्यात रात्री दोनच्या, चारच्या आणि सहाच्या सह्या एकाच दमात केल्यात. पेनाची शाईसुद्धा तिन्ही ठिकाणी सारखीच अडखळलीय. खुब्यावर मात्र सहा तास लिहिलेत. काका, तुम्ही मला फसवाल, कातडीला कसं फसवाल?"

काकू काकांकडे बघत होत्या. रागानं नाही, आणि तेच वाईट होतं.

सिस्टरांनी माकडहाडाची जखम मोजली. "किती आहे?" काकांनी विचारलं.

"साडेचार."

सिस्टरांनी काकांनाच पालथं झोपवलं आणि त्यांच्या कंबरेला गरम पिशवी लावून दिली. आपल्या वरच्या ऑफिसला फोन करून रात्रीसाठी माणूस मागितला. पलीकडून बराच वेळ नुसतं संगीत वाजत होतं. मग कोणीतरी यादीतला क्रमांक सांगितला. एकशे बारा. सिस्टरांनी फोन ठेवला आणि वहीतली ‘रात्रीसाठी माणूस’ ही ओळ खोडली.

तो आठवडा काकांनी खुर्चीत बसून काढला. झोप नको म्हणून पाय थंड पाण्याच्या बादलीत. कूस बदलताना दोघंही कण्हायची, आणि कोण जास्त जोरात कण्हलं यावर काका विनोद करायचे. शुक्रवारपासून काकू ‘अहो’ म्हणेनाशा झाल्या. ताप होता.

मंगळवारी अकराला सिस्टर आल्या. मलमपट्टी सोडताच खोलीत वास पसरला. काकांनी खिडकी उघडली, जणू तो वास बाहेरून आला असावा. सिस्टरांनी मोजायची कागदी पट्टी लावली. काडी आत घातली, ती एका बाजूला कडेखाली सरकत गेली. त्यांनी पुन्हा मोजलं. मग वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

"सहा," त्या म्हणाल्या.

काका खाटेच्या पायथ्याशी उभे होते. दोन्ही हातांनी त्यांनी काकूंचं पाऊल धरलं होतं, टाच अधांतरी.

"सिस्टर, पाच लिहा."

सिस्टरांनी वर पाहिलं नाही.

"पुढच्या मंगळवारपर्यंत फक्त. मी झोपणार नाही. कंबरेला पट्टा मागवलाय. हिनं मला सांगितलं होतं हो, तिथे नका आणू म्हणून. तेव्हा हो म्हणालो होतो मी. तुमच्या वहीत चौसष्ट घरं आहेत, सिस्टर, कोण तपासायला येतंय? एका सेंटिमीटरनं काय होणार आहे?"

"काकू मरतील."